दारातला वास

हे लिहून ठेवायचं नाही, असंच डिझायनरने जवळजवळ ठरवलं होतं. घरात सुवास सोडणारी एक डबी, तिला उघडझाप करणारे झरोके. यात सांगण्यासारखं काय असतं? पण त्या दुपारी बालमित्र बारक्याच्या बाबांच्या सुतारखान्यात जे झालं, ते डोक्यातून जाता जाईना.

बाबा गेल्यापासून सुतारखाना बंदच होता आणि उद्या तो नव्या मालकाच्या ताब्यात जायचा होता. आत बाकडं आणि लेथ तेवढं उरलं होतं. बारक्यानेच फोन करून सांगितलं, "तुझ्या त्या डबीचा लाकडी नमुना कातून घ्यायचा असेल तर आजच ये. उद्या लेथही जाणार आणि किल्लीही."

बारक्या आता नावाचाच बारक्या. दारातून तिरका होऊन आत यायचा. हात मात्र लेथवर अजून बाबांसारखाच हलका चालायचा.

डबी देखणी झाली. उमलायच्या बेतात असलेल्या कळीसारखी. टोपी फिरवली की तिच्या तिरक्या फटी आतल्या पेल्याच्या फटींसमोर यायच्या, उलटी फिरवली की बाजूला सरायच्या. इतकी गोड फिरत होती की डिझायनर नुसता फिरवतच बसला.

"आता हिचा दम बघू," म्हणत त्याने पिशवीतून लिंबाच्या वासाची वडी काढली, पेल्यात ठेवली आणि झरोके सताड उघडले. बघता बघता सगळा सुतारखाना लिंबाने घमघमला.

"बघितलंस? एवढ्या मोठ्या जागेत!"

बारक्या बाकड्याला टेकून, नाक वर करून नुसता हुंगत होता.

"काय रे, शिंक अडकली का?"

"गेला," बारक्या म्हणाला.

"कोण?"

"वास. बाबांचा. मगाशी कुलूप काढलं ना, तेव्हा दारातच आला. आयुष्यात पहिल्यांदा."

"पहिल्यांदा? अरे, इथेच तर वाढलास तू."

"म्हणूनच तर. आई म्हणायची, हे गल्लीच्या तोंडाशी आले की मला घरात कळतं. तुम्ही पोरंही म्हणायचात, काकांचा वास मस्त आहे. मला च्यायला कधी कळलंच नाही, कसला वास ते. आज दार उघडलं आणि..." त्याने हात झटकला. "म्हटलं, आधी तुझं काम उरकू, मग बसू निवांत."

डिझायनरचा चेहरा पडला. त्याने झटकन टोपी फिरवली. झरोके मिटले. लिंबाचा वास येतच राहिला.

"बंद कर की."

"केलंय."

"मग येतोय कसा?"

"पूर्ण बंद होतच नाही ती," डिझायनर पुटपुटला. "केसभर फट ठेवलीय. कंपनीचीच अट आहे. वडी लवकर संपायला हवी ना."

"फार हुशार हो तुम्ही लोक."

डिझायनर वडी घेऊन धावतच बाहेर गेला, रस्त्यापलीकडच्या कचरापेटीत टाकून आला. मागची खिडकी उघडली, पुढचं दार पूर्ण उघडलं. मग दोघं पायरीवर बसून राहिले.

"कसा होता रे?" बारक्याने विचारलं. "तुला तर लहानपणापासून यायचा. सांग ना. मला धड घेताही आला नाही."

डिझायनरने डोळे मिटले. "आधी लाकूड चिकटवायचा सरस. काका स्टोव्हवर तापवायचे ना, तो जरा करपट वास. मग नुकतं रंधा मारलेलं लाकूड. त्यावर पॉलिशचं स्पिरिट, नाकाला झोंबायचं. आणि सगळ्यात शेवटी साबण. कपड्यांचा."

"हां! त्यानेच हात धुवायचे. आई ओरडायची, सालटी निघतील म्हणून."

"आम्ही भोवऱ्यासाठी लाकडाचा तुकडा मागायला यायचो. काका मुद्दाम ताटकळत ठेवायचे. आम्हीही मुद्दाम ताटकळायचो. आमच्या घरात कुठे होता असला वास!"

बारक्या हसला. मग उठून दारात उभा राहिला, छाती भरून श्वास घेतला आणि मान हलवली.

"लिंबूच."

डिझायनर गुडघ्यांवर बसून बाकड्याखाली शिरला. केरसुणी कधी पोहोचली नव्हती अशा कोपऱ्यात रंध्याच्या ढलप्या सरसात चिकटून घट्ट बसल्या होत्या. त्याने नखांनी खरवडून मूठभर काढल्या आणि बारक्याच्या नाकाखाली धरल्या.

बारक्याने त्याचं मनगट धरून मूठ आणखी जवळ ओढली.

"हाच," तो म्हणाला.

डिझायनरने डबीचा पेला स्वच्छ पुसला. बारक्याने एकेक ढलपी त्यात अंगठ्याने दाबून बसवली. टोपी लावली, फिरवली. मग एकदम थांबला.

"यातून पण उडून जाणार ना रे? त्या केसभर फटीतून?"

डिझायनरने मान डोलावली.

बारक्याने दोन्ही पंजे डबीभोवती घट्ट आवळले. कळी त्यात दिसेनाशी झाली.

"कंपनीचं कंपनी बघेल," डिझायनर लेथकडे वळत म्हणाला. "तुझी टोपी मी आत्ता नवी काततो. बंद म्हणजे बंद होणारी. आणि उघडायची ती तू फिरवशील तेवढीच. शब्द आहे माझा. तोवर हात काढू नकोस."