दोन कबरींमधला दिवा

"विझव तो दिवा, गिल्दो! ते फाटकाशी आलेत."

सिस्टर ओनोरिना धापा टाकत होत्या. म्हातारा गिल्दो जागचा हलला नाही.

"दिवा माझ्या झेलिंदाचा आहे," तो म्हणाला.

"मला ठाऊक आहे रे. बिशपांच्या माणसांना कसं ठाऊक असणार?"

मोन्तेरावोच्या दफनभूमीत, अगदी गरिबांच्या कोपऱ्यात, दोन कबरी शेजारीशेजारी होत्या. एक गिल्दोच्या बायकोची. तिने कॉन्व्हेंटच्या भट्टीवर चाळीस वर्षं पाव भाजले होते. दुसरी मदर लिबेरातांची. डोंगरातल्या अनाथ पोरींसाठी त्यांनीच हा सिस्टरांचा संघ काढला होता. मरताना त्यांनी या कोपऱ्यात जागा मागितली. केवढी ही नम्रता, असं गाव अजून म्हणत होतं.

आता मदरना संत ठरवण्यासाठी चौकशी सुरू झाली होती. पण रोमने ठरवण्याआधीच लोकांनी पूजा मांडली, तर सगळं तिथेच अडतं. म्हणून सिस्टरांनी आठवडाभर खपून कबर साफ केली होती. मेणबत्त्या, नवसाचे चांदीचे तुकडे, बरं झालेल्या कुणाच्या तरी कुबड्या, सगळं उचललं. उरला होता हा एक दिवा. आणि तो होता दोन कबरींच्या बरोबर मधोमध.

झेलिंदाला अंधाराची भीती वाटायची. शेवटच्या दुखण्यात तिने दिव्याशिवाय काही मागितलं नाही. नऊ वर्षांत गिल्दोने एक दिवस चुकवला नव्हता.

"निदान तिच्या बाजूला तरी सरकव," सिस्टर म्हणाल्या.

"नाही सरकवणार."

"खेचर आहेस अगदी!"

"झेलिंदाही हेच म्हणायची."

तेवढ्यात बिशपांनी चौकशीला पाठवलेले फादर बाल्दुईनो आले. मागे कागदांची पिशवी घेतलेला कारकून. फादरनी दिव्याकडे पाहिलं, मग सिस्टरांच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे. त्यांनी बायबल पुढे धरलं.

"बाबा, यावर हात ठेवा. दिवा कोणासाठी?"

"बायकोसाठी."

"फक्त बायकोसाठी?"

नुसतं हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. सिस्टर डोळ्यांनी तेच विनवत होत्या. पण ज्या हाताने त्याने झेलिंदाचे डोळे मिटले होते, तोच हात आता पुस्तकावर होता.

"नाही," तो म्हणाला.

सिस्टरांनी शेजारच्या क्रुसाचा आधार घेतला.

"झेलिंदा गेली आणि महिन्याभरात मदर आजारी पडल्या. मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, 'गिल्दो, तिच्यापाशी दिवा रोज लावतोस ना? मग मलाही तिथेच शेजारी जागा बघ. आणि दिवा जरा मधे ठेव. मला लहानपणापासून अंधाराची भीती वाटते रे. पोरींना सांगू नकोस, हसतील.'"

गिल्दोने हात काढून घेतला. "आज सांगावं लागलं. मदर, माफ करा."

मग सिस्टर ओनोरिना कबरीच्या कडेवर मटकन बसल्या. हसत होत्या की रडत होत्या, कळेना.

"आमचा सातवा नियम! मदरनीच घातलेला!" त्या म्हणाल्या. "झोपायच्या खोलीत रात्रभर दिवा जळता ठेवावा. तीस वर्षं आम्ही नव्या मुलींना सांगतोय, प्रभू कधीही येईल, त्याची वाट बघायला हा दिवा!"

कारकुनाने लेखणी उचलली. "काय लिहू, फादर? पूजा?"

फादर बाल्दुईनोंनी वाकून दिव्याची तिरपी झालेली काच नीट बसवली.

"पूजा कसली?" ते म्हणाले. "लिहा, शेजारधर्म."