मानेचा पट्टा

सामाईक भिंतीवरून अबोला झाला, तेव्हापासून महाल भागातले चंपतराव मान उजवीकडे फिरवूनच घराबाहेर पडत. डावीकडे धाकट्या भावाचं, हेमराजचं दार होतं ना! शेवटी मान तशीच आखडली आणि गळ्यात पट्टा आला.

पट्टा पाहून हेमराज मुकाट्यानं स्कूटर काढून उभा राहिला. मग तोच त्यांना नंदनवन वस्तीत फिजिओथेरपीला नेऊ लागला. वाटेत आधी "नीट बसला ना, दादा?" एवढंच व्हायचं. हळूहळू येताना टपरीवर चहाही व्हायला लागला.

मयुरी मॅडम मायोफेशियल रिलीज करायच्या, म्हणजे आखडलेल्या जागी बोटांनी सावकाश दाब देत स्नायू मोकळे करायच्या. आज मान दोन्हीकडे छान वळली.

"झालं, काका. पट्टा काढून टाका. आता यायची गरज नाही."

चंपतराव जिना उतरले. खाली स्कूटर दिसताच त्यांनी पिशवीतला पट्टा काढून पुन्हा गळ्यात अडकवला.

"काय म्हणे मॅडम, दादा?"

"आणखी लय दिवस यावं लागन म्हणे."



"चांगलं झालं!" हेमराजच्या तोंडून निघून गेलं.