यादीतलं तिसरं नाव

हॅलिफॅक्समधल्या मर्नाच्या बेकरीत ट्रे घासणारी ब्रायना चार वर्षांपूर्वी ही आपली पहिलीच नोकरी सोडून गेली होती. आज ‘छोट्या धंदेवाल्यांनी फॉलो करावेत असे तज्ज्ञ’ या यादीत तिसरं नाव तिचं होतं. मर्नाच्या अंगाचा तिळपापड झाला.

“हिला साधा पाव भाजता येत नव्हता, आणि ही आता जगाला धंदा शिकवणार!”

“अगं, लिहिते काय ते तरी बघ,” नवरा ड्वेन म्हणाला.

मर्नाने चुका काढायलाच तिची पोस्ट उघडली. ‘माझी पहिली मालकीण गिऱ्हाइकांसमोर माझ्यावर ओरडायची. मी रडले नाही, दुसरी नोकरी शोधली. तुमची चांगली माणसं अशीच जातात.’



मर्नाने ड्वेनकडे पाठ केली आणि गुपचूप ‘फॉलो’ दाबलं.