‘ओन्ली’ची जागा

चारचौघांत बायकोचं इंग्रजी चुकतं, म्हणून फैजपूरचे योगराज सर त्या संध्याकाळी तिला शिकवायला बसले.

“‘ओन्ली’ची जागा बदलली की अर्थ बदलतो. कर एक वाक्य.”

“ओन्ली आय कुक,” दिपमाला म्हणाली. “स्वयंपाक फक्त मीच करते.”

“बरोबर! आता जागा बदल.”

तिने जरा विचार केला. “आय कुक ओन्ली फॉर मी.”

“‘फॉर मी’ नाही, ‘फॉर मायसेल्फ’. फक्त स्वतःसाठी. मोठ्याने म्हण, पक्कं होईल.”

तिने मोठ्याने म्हटलं. मग उठून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापली, भरीत केलं आणि एकच ताट वाढून जेवायला बसली.

“अगं, माझं?”

“पीठ डब्यात आहे,” घास घेत ती म्हणाली. “तुमचं वाक्य तुम्ही करा.”