उजव्या हाताचा मोजा

“आधी तो हातमोजा काढा, मिस्टर पेटवे,” दुकानदार ड्युई म्हणाला. “कापडातून बोटाला पिस्तुलाचा चाप कळत नाही.”

रॉस्को पेटवेने उजव्या हातातला पांढरा हातमोजा काढून खिशात ठेवला. गावातल्या एका अंत्यविधीला दारावर उभं राहून तो आणि बायको व्हर्नेल तसेच इकडे आले होते. चर्चच्या दारावरचा सेवेकरी म्हणून अलाबामाच्या त्या टापूत त्याला सगळे ओळखत. आलेल्याला जागा दाखवायची, उकडत असेल तर पंखा हाती द्यायचा, एवढं तर कुणीही करेल. त्याचं खरं काम पुढे असे. प्रवचन रंगात येऊन पाद्रीबाबांच्या बोलण्याला सूर लागला, की कुणाच्या तरी अंगात देवाचा आनंद मावेनासा होई आणि ते माणूस भान हरपून कोसळे. त्याला झेलायचं ते रॉस्कोने. त्याने आजवर कुणालाही जमिनीला टेकू दिलं नव्हतं.

पण शेजारच्या गावात कुणी परका माणूस भर प्रार्थनेत शिरला आणि गोळ्या झाडून गेला. तेव्हापासून आपल्याही दारावर हत्यार हवं असं वडीलधाऱ्यांनी ठरवलं. दारावर रॉस्को. म्हणून हत्यारही रॉस्कोच्या गळ्यात. त्याने जन्मात पिस्तूल हातात धरलं नव्हतं.

ड्युईने काचेवर तीन पिस्तुलं मांडली. “हे स्वस्त. चालतं, कधी कधी.”

“कधी कधी चालणारा एक आहे माझ्या घरात,” व्हर्नेल म्हणाली. “पुढचं दाखवा.”

“हे महाग. नक्षी बघा, मूठ बघा. चार लोकांत दाखवायला छान.”

“आम्हाला काय वरातीत मिरवायचंय? ते मधलं काय म्हणतं?”

“मधल्या किमतीचं. दिसायला काही नाही. पण गोळी अडकत नाही याच्यात. पहिल्यांदा घेणाऱ्याला मी हेच देतो. ऐन वेळी दगा नाही देणार.”

व्हर्नेलने ते काळं, साधं पिस्तूल न्याहाळलं, मग नवऱ्याला. “दिसायला काही नाही आणि ऐन वेळी दगा नाही. हेच बघून मी याला पसंत केलं होतं हो! मी डोळे मिटून मागे पडते दर रविवारी. एकदाही वळून बघत नाही.”

“पुरे झालं, व्हर्नेल,” रॉस्को लाजून म्हणाला.

ड्युई मात्र हसला नाही. “पिस्तुलाची खात्री मी देतो, मिस्टर पेटवे. हाताची तुम्हाला करून घ्यावी लागेल. तिथे विचार करत बसलात तर संपलं. हात आपला आपण गेला पाहिजे. गोळ्या काढून ठेवा, कमरेला लावा आणि घरी सराव करा. कुणाला तरी मागून अचानक ओरडायला सांगा.”

ते काम व्हर्नेलने घेतलं. रॉस्को मक्याची लापशी ढवळत असला, भांडी विसळत असला, की ती पावलं न वाजवता मागे यायची आणि ओरडायची, “जीजस!”

“अगं, दुसरं काही ओरड ना!”

“दुसरं काही मला इतकं पोटातून येत नाही.”

त्याचा हात कमरेकडे जाई. आधी ताटली फुटली, मग एका पातेल्याचा कान गेला. हळूहळू हात सरावला. पण व्हर्नेलने त्याला एकदाही पास केलं नाही. ती खुर्चीत बसून पोट धरून हसायची. “उशीर झाला, रॉस्को! मेलास तू! आणि माझी लापशीही गेली!”

पुढचा रविवार आला. रॉस्कोने डाव्या हातात मोजा चढवला आणि उजवा हात उघडाच ठेवला. व्हर्नेल नेहमीसारखी शेवटच्या बाकाच्या कडेला, त्याच्या हाताच्या अंतरावर बसली होती. फक्त एरवी त्याचं तोंड तिच्याकडे असे, आज दाराकडे होतं.

रेव्हरंड टॉलिव्हर बुडणाऱ्याला हात देणाऱ्या देवाबद्दल सांगत होते. सांगता सांगता बोलण्याचं गाणं झालं. त्यांच्या प्रत्येक श्वासाला ऑर्गनने हुंकार भरला. अशा वेळी देव फार लांब नसतो. “मी हाक मारली...” रेव्हरंडनी सूर वर नेला, “आणि त्याने मला धरलं!”

“धरलं!” सगळं चर्च उठून उभं राहिलं.

व्हर्नेल बाकाबाहेर आली. डोळे मिटलेले, हात आभाळाकडे. “जीजस!” ती पोटातून ओरडली आणि न बघता मागे पडली.

रॉस्कोचा हात गेला. त्याने विचार केला नाही. कोटाखालून पिस्तूल कुठेही न अडकता बाहेर आलं. डाव्या हाताला तिच्या बाहीची कड लागली, मोज्यातून निसटली. बाकाच्या कोपऱ्यावर डोकं आपटल्याचा आवाज ऑर्गनमध्ये बुडून गेला.

लोक टाळ्या वाजवत राहिले. व्हर्नेलच्या अंगात आनंद मावला नाही, असंच सगळ्यांना वाटलं. एका बाईने रीतीप्रमाणे तिच्यावर पांढरं कापड पांघरलं, दुसरी पंख्याने वारा घालू लागली. मग कापडाची मानेजवळची कड लाल झाली आणि पंखा थांबला.

रॉस्कोने अजून दारावर नेम धरला होता. दारात कुणीच नव्हतं.

व्हर्नेलने डोळे उघडले. आधी वर त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्या उघड्या उजव्या हाताकडे.

“आज उशीर नाही झाला हं, रॉस्को,” ती म्हणाली.