गेम बंद, मेल चालू

“अम्मे, तुरुंगात कैद्यांनासुद्धा टीव्ही असतो,” अलीना कुरकुरली.

जिन्सीने लक्ष दिलं नाही. तिने कम्प्युटरवरच्या गेमना कुलूप लावलं, व्हिडिओंना लावलं आणि पासवर्ड टाकताना लेकीला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मेल तेवढं उघडं ठेवलं. अकरा वर्षांच्या पोरीचं स्वतःचं खातं कुठून असणार, म्हणून सरावाला आईचंच.

“मी डब्लिनला गेले तरी ही कुलपं माझ्याच हातात राहणार, कळलं?”

जिन्सी कोट्टयमच्या एका इस्पितळात नर्स होती. इंग्रजीच्या परीक्षेत तीनदा आपटून चौथ्यांदा पास झाली होती. डब्लिनच्या रुग्णालयात मुलाखतही झाली होती. आता फक्त बोलावणं यायचं बाकी होतं. आधी एकटीने जायचं, मग घरच्यांना बोलावून घ्यायचं. नवरा सिबी रबराच्या मळ्यात चांगला, पण कम्प्युटरशी त्याचा छत्तीसचा आकडा. तेव्हा वीजबिल, शाळेचे अर्ज, पत्रव्यवहार, सगळं अलीनालाच शिकवणं भाग होतं.

पोरगी भराभर शिकत होती.

“काम झालं की मेल पुसून टाकायचं. कचरा साचू द्यायचा नाही.”

“अम्मे, आणि कुणाला नाही म्हणायचं असेल तर?”

“कुणाला म्हणायचंय?”

“रेश्मीला. तिच्या वाढदिवसाला नाही जायचं मला.”

“आधी आभार मानायचे, मग नकार द्यायचा. कारण एकच सांगायचं. दहा सांगितली की खोटं वाटतं.”

अलीनाने मान डोलावली. जिन्सीला लेकीचा अभिमान वाटला.

बरोबरच्या शायनीला बोलावणं आलं, ती गेलीसुद्धा. जिन्सीचं आलंच नाही. ती रोज मेल उघडायची, नकोशा मेलांचा ढीगही उपसायची. एका संध्याकाळी जेवणासाठी कप्पाचे कंद सोलता सोलता तिला रडूच कोसळलं.

“त्यांचंच नशीब फुटकं,” सिबी म्हणाला.

अलीनाने पाण्याचा पेला आणून दिला आणि आईला चिकटून बसली. जिन्सीने डोळे पुसले, उठली आणि गेमचं कुलूप काढलं.

“खेळ घटकाभर. आता मी आहेच इथे डोक्यावर बसायला.”

रविवारी चर्चमधून परत येतात तोच शायनीचा डब्लिनहून फोन आला.

“अगं बये, वेड लागलंय का तुला? एवढी मरमर केलीस आणि नकार कळवलास?”

“मी? मला बोलावलंच कुठे त्यांनी?”

“चेष्टा पुरे. इतक्या गोड शब्दांत नकार कधी वाचला नव्हता, म्हणते इथली मेट्रन. थांब, तिच्याकडून घेतलाय, पाठवते.”

मेल आलं. नीटनेटकं, मोजक्या शब्दांचं, खाली जिन्सीचं पूर्ण नाव.

‘आपण दिलेल्या संधीबद्दल मनापासून आभार. मला येता येणार नाही. माझी मुलगी बाकी सगळं शिकली आहे, पण माझ्याशिवाय झोपायला अजून शिकलेली नाही.’