मूळ पुरुष

"गाव मखमलाबाद, आडनाव जाधव," असं पुटपुटत रामकुंडावरच्या गुरुजींनी वंशावळीची चोपडी उघडली आणि भारत मान पुढे काढून पानांकडे बघू लागला.

शेजारी कळवणचे झुंबरराव मांडी घालून बसले होते. त्यांच्या मुलाशी भारतच्या मुलीचं, चैतालीचं लग्न जवळजवळ ठरलं होतं, आणि पोरगी त्या मुलावर जीव टाकून होती. पण बोलणी चालू असताना भारतनं उगाच फुशारकी मारली होती, "आम्ही देवगिरीच्या यादव राजाच्या वंशातले."

"मंग चोपडीत असंलच की," झुंबरराव म्हणाले होते. "बघून घेऊ अन् सुपारी फोडू."

राजाची ही कथा भारतच्या वडिलांची, पुंजारामांची. झेंडूची पाटी घेऊन बाजारात बसणारा माणूस राजाच्या गोष्टी सांगायचा, आणि भारतला त्या थापा वाटायच्या. नाशिक रोडच्या बंगल्याच्या वास्तुशांतीला म्हातारा चिखलाच्या पायांनी, डोक्यावर पाटी घेऊन दारात उभा राहिला. तेव्हा हा शहाणा भारत ऑफिसच्या साहेबांसमोर म्हणाला, "फुलवाला आलाय, पाटी उतरवून घ्या."

पुंजारामांनी पाटी उतरवली, दाराला तोरण बांधलं आणि निघून गेले. त्याला सहा वर्षं झाली. ते परत आले नाहीत, भारतही गेला नाही. नुसतं आठवलं तरी त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरीही झुंबररावांनी वडिलांचं विचारलं, तेव्हा तो बोलून गेला, "वारले. अठ्ठ्याण्णव साली."

"हे बघा, तुमच्या वडिलांचं अक्षर," गुरुजी म्हणाले. "तुमच्या आजोबांच्या, गोटीरामांच्या अस्थी घेऊन आले होते." मग त्यांचं बोट मागच्या पानांवर सरकत गेलं. गोटीराम, त्यांचे वडील भिकाजी, त्यांचे मंगळाजी. "इथून पुढचं माझ्या पणजोबांनी जुन्या चोपडीवरून उतरवलंय." आणखी पानं उलटली. मग गुरुजी हसले. "आणि हा मूळ पुरुष. देवगिरीकर यादवराज!"

झुंबररावांनी भारतला मिठीच मारली. "लय मोठं घराणं, व्याही! आजच सुपारी फोडू."

भारतच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हातारा खरं बोलत होता. उद्याच मखमलाबादला जायचं, पाय धरायचे, चैतालीला आजोबांच्या पुढ्यात उभं करायचं, असं त्यानं मनाशी पक्कं केलं.

"थांबा, वडिलांच्या खाली तुमचं नाव चढवतो," म्हणत गुरुजींनी पेन काढलं, पुंजारामांचं पान उलटलं आणि थबकले. मागच्या बाजूला आणखी एक नोंद होती. चष्मा सारखा करून त्यांनी ती मोठ्यानं वाचली.

"पितृपक्ष, सन २००३. मला मूलबाळ नाही. मागे करणारं कोणी नाही म्हणून माझं श्राद्ध मी जिवंतपणीच करून घेतलं. वंश माझ्यापाशी संपला. सही, पुंजाराम गोटीराम जाधव."

झुंबररावांचा हात भारतच्या खांद्यावरून खाली आला.

"गेल्याच वर्षीची नोंद आहे," गुरुजी म्हणाले. पेन तसंच हातात धरून त्यांनी भारतकडे पाहिलं. "मग तुम्ही यांचे कोण?"